ग्रंथप्रामाण्य आणि ईश्वरस्वरूप (अर्वाचीन महाराष्ट्र)

धर्मग्रंथाचे वचन प्रमाण का मानावयाचे आणि ते वचन ज्याच्याविषयी बोलते तो ईश्वर कसा आहे, हे दोन प्रश्न वरकरणी वेगळे दिसत असले, तरी ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. ईश्वर न्यायी व दयाळू आहे असे एकदा मनापासून मानले, की त्याच्या नावावर चालणारे प्रत्येक वचन न्याय व दया यांच्या कसोटीला लावणे भाग पडते. मग दोनच वाटा उरतात : वचनाचा अर्थ बदलावयाचा किंवा वचनाचा अधिकार कमी करावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून महाराष्ट्रात धर्मचर्चेला जे वळण लागले, त्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दोन वाटांचा इतिहास होय. ही चर्चा पंडितांपुरती मर्यादित नव्हती. विधवेने पुन्हा विवाह करावा की नाही, अस्पृश्याने देवळात जावे की नाही, मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही, यांसारखे निर्णय अखेर कोणत्या तरी ओळीच्या अर्थावर टांगलेले असत.

पार्श्वभूमी : प्राचीन भारतीय दर्शनांत ग्रंथ व ईश्वर यांचा संबंध एकाच प्रकारे मांडलेला नाही. पूर्वमीमांसेच्या मते वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे त्यांना मनुष्य किंवा देव असा कोणताच कर्ता नाही. कर्ताच नसल्याने कर्त्याचे दोष त्यांत शिरू शकत नाहीत. या मताला जगत्कर्त्या ईश्वराची गरज पडत नाही. नैयायिकांची भूमिका नेमकी उलट आहे. शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा विश्वसनीय असल्यामुळे, आणि वेद प्रमाण आहेत ते ईश्वराने सांगितल्यामुळे, असे ते म्हणतात. म्हणजे वेदांचे सर्वांत कडवे कैवारी हे रूढ अर्थाने ईश्वरवादी नव्हते. एकोणिसाव्या शतकातील वादांत भाग घेणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हे फारसे ध्यानात राहिले नाही, असे दिसते.

महाराष्ट्रात याला भक्तिसंप्रदायाची जोड मिळाली. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर मराठीत टीका लिहून, ज्यांना वेदाध्ययनाचा अधिकार नव्हता त्यांच्यापर्यंत शास्त्रार्थ नेला. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथावर निस्सीम श्रद्धा असणे आणि त्याचे पाठ तपासणे यांत एकनाथांना विरोध वाटला नाही, ही गोष्ट पुढील काळाच्या संदर्भात लक्षणीय आहे. संतांचा देव भक्ताच्या हाकेला ओ देणारा होता. तथापि संतांनी वेदप्रामाण्य उघडपणे नाकारले नाही, आणि वर्णव्यवस्थेचे व्यवहारही शास्त्राधारे चालूच राहिले.

मुद्रण व धर्मवाद : सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनने मराठी नवा करार १८२६ मध्ये व पुढे १८४७ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि लवकरच शास्त्रीपंडितांशी त्यांचे जाहीर वाद सुरू झाले. मोरभट दांडेकर यांनी श्रीहिंदुधर्मस्थापना (१८३१) हे पुस्तक लिहिले आणि विल्सन यांनी त्यास पुस्तकानेच उत्तर दिले. मिशनऱ्यांचा मुख्य रोख पुराणांतील देवांच्या आचरणावर होता. ईश्वर सर्वथा पवित्र असला पाहिजे आणि धर्मग्रंथाची परीक्षा या पावित्र्यावरून करावी, हे गृहीतक त्यामागे होते. वादाचा निकाल काहीही लागो, हे गृहीतक मात्र हळूहळू हिंदू सुशिक्षितांनीही आपलेसे केले. मिशनऱ्यांना धर्मांतरे थोडीच मिळाली. धर्माकडे पाहण्याची त्यांची कसोटी मात्र त्यांच्या विरोधकांच्याही हाती गेली.

मुद्रणाने आणखी एक फरक पडला. पूर्वी पोथी ज्याच्या घरी असे, अर्थ सांगण्याचा अधिकारही बहुधा त्याच्याकडे असे. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली, तेव्हापासून हा ग्रंथ विकत घेऊन कोणीही वाचावा अशी स्थिती निर्माण झाली. याच जांभेकरांनी मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलास प्रायश्चित्त देऊन स्वजातीत घेण्यासाठी १८४३ मध्ये खटपट केली व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांचा मार्ग शास्त्राधार शोधण्याचा होता, शास्त्र टाकण्याचा नव्हता.

ग्रंथाचा अधिकार कमी करण्याच्या वाटेने प्रथम गेले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२). मराठी भाषेचे व्याकरणकार म्हणून ते सर्वश्रुत आहेत. सुरत येथे १८४४ मध्ये स्थापन झालेल्या मानवधर्मसभेत दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांचा पुढाकार होता. त्यांचा धर्मविवेचन हा निबंध लिहून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, १८६८ मध्ये, ग्रंथकर्त्याचे नाव न घालता प्रसिद्ध झाला. ईश्वर एकच असून तो सर्व मानवांचा आहे. मग त्याने आपले सत्य एकाच जातीच्या एकाच ग्रंथात का कोंडून ठेवावे, हा त्यांच्या विचारातील कळीचा मुद्दा होय. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा या विचारावर उभी होती. सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. मात्र हे सर्व गुप्तपणे चाले. सभासदांच्या नावांची यादी १८६० मध्ये चोरीस गेली आणि बहिष्काराच्या भयाने सभा मोडली. बंद खोलीत जातिभेद मोडून बाहेर तो पाळणाऱ्या या मंडळींना पुढे भित्रे म्हटले गेले. परंतु त्या काळी बहिष्कार म्हणजे पाणी, परीट, न्हावी, लग्नसंबंध आणि प्रेताला खांदा देणारी माणसे हे सर्व एकाच दिवशी तुटणे होय, हे विसरून चालणार नाही. दादोबांचे कुतूहल अखेरपर्यंत टिकून होते. धर्मग्रंथाच्या शब्दाआड आध्यात्मिक अर्थ पाहणाऱ्या स्वीडनबॉर्ग या स्वीडिश विचारवंताच्या ग्रंथांवर त्यांनी १८७८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले.

याच सुमारास विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी दुसरी वाट चोखाळली. मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ मध्ये त्यांनी मिशनऱ्यांशी अनेक आठवडे जाहीर वाद केला. हजारोंचा समुदाय तो ऐकावयास जमे. वेदोक्तधर्मप्रकाश (१८५९) या ग्रंथात त्यांनी सर्व सद्धर्म वेदांत आधीच सांगितलेला आहे असे प्रतिपादन केले. वर्ण जन्मावरून नव्हे तर गुणकर्मांवरून ठरावा, असेही ते म्हणत. म्हणजे वेदाचे प्रामाण्य पूर्ण राखून त्यांनी वेदाचा अर्थ नव्याने सांगितला. हा अर्थ पारंपरिक भाष्यकारांना मान्य झाला असता की नाही, याची चिंता त्यांनी केली नाही.

एका अवग्रहाचा वाद : अर्थ लावण्याच्या या मार्गात काय पणाला लागत असे, ते विधवाविवाहाच्या वादावरून उत्तम प्रकारे कळते. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी पराशरस्मृतीतील ज्या श्लोकावर आपला पक्ष उभारला, त्यात पती नाहीसा होणे, मरणे इ. पाच आपत्तींत स्त्रीस दुसरा पती विहित सांगितला आहे. श्लोकात ‘पतौ’ असे रूप येते. व्याकरणदृष्ट्या ते ‘पत्यौ’ असे हवे. त्यामुळे विरोधकांनी तेथे लुप्त अकार मानून ‘अपतौ’ असे वाचले आणि वचन केवळ वाग्दत्त वराविषयी आहे, विवाहित पतीविषयी नाही, असा अर्थ केला. माधवाचार्यांनी तर हे वचन अन्य युगासाठी आहे असे पूर्वीच म्हणून ठेवले होते. सुधारकांचे उत्तर असे, की पराशरस्मृती कलियुगासाठीच रचलेली आहे, आणि आर्ष ग्रंथांत अशी रूपे सापडतात. लेखनात दिसेल न दिसेल अशा एका अवग्रहावर हजारो बालविधवांचे आयुष्य तोलले जात होते.

विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला. १८६९ मध्ये मुंबईत गाजलेला पुनर्विवाह घडून आला आणि १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांसमोर या विषयावर शास्त्रार्थ झाला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. त्यानंतर शास्त्रार्थाच्या सभेत सुधारणा जिंकता येईल, हा भरवसा सुशिक्षित पिढीत उरला नाही. प्रार्थनासमाजाचे तत्त्वज्ञान याच वातावरणात आकारास आले.

प्रार्थनासमाज : मुंबईत ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थनासमाज स्थापन झाला. केशवचंद्र सेन यांच्या मुंबईभेटीची प्रेरणा त्यामागे होती. डॉ. आत्माराम पांडुरंग (१८२३–९८) हे दादोबांचे धाकटे बंधू त्याचे पहिले अध्यक्ष. न्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) व रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) लवकरच त्यात आले. समाजाच्या तत्त्वांत ईश्वर एक, निराकार, जगत्कर्ता व प्रेमाने भजण्यास योग्य असा सांगितला आहे; त्याने अवतार घेतला नाही आणि प्रत्यक्ष त्याने रचलेला असा एकही प्रमादरहित ग्रंथ नाही, असेही म्हटले आहे. शेवटची दोन कलमे एकमेकांना धरून आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. ईश्वर एका देहात उतरत नाही त्याप्रमाणे तो एका ग्रंथातही उतरत नाही. त्याचे प्रकटीकरण मनुष्याच्या सदसद्विवेकात व इतिहासात सतत चालू आहे, असा त्याचा भावार्थ होय.

रानड्यांनी या श्रद्धेची मांडणी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निबंधात (१८७२) केली. कैफियत हा शब्द कोर्टाच्या व्यवहारातला आहे. दोन्ही बाजूंनी आरोप होत असलेल्या पक्षाने आपले म्हणणे नोंदवावे, तसा हा निबंध आहे. ख्रिस्ती टीकाकार म्हणत, की ग्रंथावाचून धर्म म्हणजे नुसते तत्त्वज्ञान. सनातनी म्हणत, की हा अर्धवट ख्रिस्ती धर्म आहे. रानड्यांनी पापाची व दुःखाची समस्या टाळली नाही, आणि मानवी बुद्धीला ईश्वराचे पूर्ण ज्ञान होत नाही हेही मान्य केले. त्यांचा ईश्वर वेदान्तातील निर्गुण ब्रह्म नव्हे. जीव व जगत् यांहून वेगळा राहून त्यांचे नियमन करणारा तो एक पुरुष आहे. अशा ईश्वराची प्रार्थना करता येते, आणि समाजाच्या नावातच प्रार्थना आहे.

ग्रंथ प्रमाण नाही, तर उपासनेत वाचावयाचे काय? येथे प्रार्थनासमाजाने संतांकडे धाव घेतली. उपनिषदे, गीता, बायबल यांबरोबर तुकारामादी संतांचे अभंग उपासनेत म्हटले जाऊ लागले. यामुळे मराठी मध्यमवर्गाने संतवाङ्‌मय नव्याने वाचले, हा प्रार्थनासमाजाचा मोठा लाभ म्हटला पाहिजे. परंतु विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलाला वगळून तुकारामाचा देव शिल्लक कितपत राहतो, हा प्रश्न समाजाने स्वतःस विचारला नाही. अभंग निवडणे म्हणजेच अर्थ लावणे होय, आणि ही निवड इंग्रजी शिकलेल्या वकील-प्राध्यापकांची होती. पंढरीच्या वाटेवरील वारकरी तिच्यात सहभागी नव्हता. समाजाचा प्रसार मर्यादित राहिला त्याचे एक कारण येथे सापडते.

स्वामी दयानंद सरस्वती १८७४ मध्ये मुंबईस आले, तेव्हा या भूमिकेची खरी परीक्षा झाली. मूर्तिपूजा, अवतार व जन्मजात वर्ण यांविरुद्ध दयानंदांची मते प्रार्थनासमाजाच्या जवळची होती आणि दोघे एकत्र येतील अशी आशा काहींस वाटली. ईश्वरस्वरूपावर जवळजवळ एकमत असताना ग्रंथावर मात्र दोघे दुरावले. दयानंदांच्या मते वेद प्रमादरहित होते, आणि ते तसे राहावेत म्हणून अग्नी, इंद्र, वरुण ही सर्व एकाच परमेश्वराची नावे आहेत असे निरुक्ताच्या आधारे दाखविणे त्यांना आवश्यक होते. रानडे-भांडारकरांना ऋग्वेदात अनेक देवता दिसत आणि त्या तशा असण्यात त्यांची श्रद्धा दुखावत नसे. १० एप्रिल १८७५ रोजी मुंबईत आर्यसमाज स्वतंत्रपणे स्थापन झाला. मतभेद असूनही रानड्यांनी त्याच वर्षी दयानंदांना पुण्यास बोलावून त्यांची व्याख्याने करविली. त्यांच्या मिरवणुकीत जोतीराव फुले सामील झाले आणि विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून तिची विटंबना केली.

भांडारकरांचे कार्य निराळ्या प्रकारचे आहे. ते प्रथम इतिहासकार होते. व्हैष्णविझम, शैविझम अँड मायनर रिलिजस सिस्टिम्स (१९१३) या ग्रंथात त्यांनी वासुदेव, नारायण, वैदिक विष्णू व गोपाळकृष्ण हे मुळात वेगवेगळे प्रवाह असून कालांतराने ते एकत्र आले, असे दाखविले. गोपाळकृष्णाच्या कथा आभीरांनी आणल्या व त्यांत ख्रिस्तकथेचा अंश असावा, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पण ईश्वरकल्पनेलाही इतिहास असतो, ही दृष्टी टिकली. तरीही १८९१ च्या संमतिवयाच्या वादात याच भांडारकरांना गर्भाधानसंस्काराच्या काळाविषयी गृह्यसूत्रे व स्मृती यांतील वचने काढून टिळकांशी झुंजावे लागले. कोणताही ग्रंथ प्रमादरहित नाही असे मानणाऱ्याने ग्रंथाधारे वाद करावा, ही विसंगती विरोधकांनी दाखवून दिली. तिचे कारण उघड आहे : प्रतिपक्ष दुसरी भाषा ऐकतच नव्हता. विधेयक मंजूर होऊन संमतीचे वय दहावरून बारा झाले. भांडारकरांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह घडवून आणला आणि त्यासाठी ते कोणत्याही धर्मपीठाच्या निर्णयाकरिता थांबले नाहीत.

निर्मिक व नवा ग्रंथ : जोतीराव फुले (१८२७–९०) यांची वाट या दोन्हींहून वेगळी होती. वचनाचा अर्थ बदलणे त्यांना फसवणुकीस साहाय्य करण्यासारखे वाटे. गुलामगिरी (१८७३) या पुस्तकात त्यांनी दशावतारांच्या कथा आर्यांच्या आक्रमणाचा व मूळ रहिवाशांच्या पराभवाचा विपर्यस्त इतिहास म्हणून वाचल्या. ही उपपत्ती आजच्या इतिहाससंशोधनास जशीच्या तशी मान्य होणार नाही. परंतु ग्रंथ कोणी लिहिला व त्यात कोणाचे हित साधले, हा प्रश्न मराठीत इतक्या थेटपणे त्यांनीच प्रथम विचारला. त्यांनी ईश्वरासाठी रूढ नावे टाकून ‘निर्मिक’ हा शब्द योजिला. निर्माण करणारा एवढाच त्याचा अर्थ. त्याला ना अवतार, ना पुरोहित, ना आवडती जात. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका कुटुंबात आई, वडील, मुलगी व मुलगा यांनी आपापल्या पसंतीचे वेगवेगळे धर्मग्रंथ वाचून वेगवेगळे धर्म स्वीकारावेत आणि तरी प्रेमाने एकत्र नांदावे, ही त्यातील कल्पना आजही धाडसाची वाटते. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला असता त्यांनी हे पुस्तक डाव्या हाताने लिहून पुरे केले.

टिळक आणि वाई : लोकमान्य टिळकांनी (१८५६–१९२०) अर्थ लावण्याच्या मार्गाला त्याचे सर्वांत भक्कम रूप दिले. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेले गीतारहस्य १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या उपक्रम, उपसंहार, अभ्यास इ. मीमांसकांच्या कसोट्या लावून, गीतेचा उपदेश संन्यासाचा नसून निष्काम कर्मयोगाचा आहे असे त्यांनी सिद्ध करावयाचा प्रयत्न केला. शंकराचार्यांचे अद्वैत त्यांनी मान्य केले आणि त्यांचा संन्यासपर निष्कर्ष नाकारला. ब्रह्मस्वरूप तेच राहिले. बदलला तो त्या ज्ञानानंतरचा मनुष्याचा व्यवहार. ईश्वरस्वरूपाला फारसा हात न लावता ग्रंथाचा अर्थ किती बदलता येतो, याचे हे उदाहरण होय.

मीमांसेची हीच साधने वाई येथे आणखी पुढे नेली गेली. नारायणशास्त्री मराठे म्हणजे पुढील केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५) यांची प्राज्ञपाठशाळा परंपरेने शास्त्रे शिकवीत असे; धर्मकोशाचा पहिला भाग तेथून १९३७ मध्ये निघाला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांनी १९३२ च्या अस्पृश्यतानिवारणाच्या प्रसंगी गांधीजींना शास्त्रीय पाठबळ दिले. पण तेथेच ते थांबले नाहीत. हिंदुधर्माची समीक्षा (१९४१) या ग्रंथात त्यांनी धर्मप्रामाण्याचे शास्त्राधारे समर्थन करण्याचा मार्ग सोडून धर्माची सामाजिक व बौद्धिक चिकित्सा केली. शास्त्र ज्यांना मुखोद्गत होते, त्यांच्यापैकीच एकाने शास्त्राबाहेर पाऊल टाकावे, ही घटना बाहेरून झालेल्या टीकेपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या दृष्टीने अर्थ लावण्याचा मार्ग कुचकामी होता. शास्त्राचा खरा अर्थ उदार आहे असे पंडिताने सिद्ध केले, तरी सामान्य माणूस शास्त्राचा जो अर्थ समजून वागतो त्यानेच अस्पृश्याचे जीवन ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला होता. १९३६ मधील जातिनिर्मूलनाविषयीच्या त्यांच्या न झालेल्या भाषणात शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा नष्ट केल्यावाचून जात जाणार नाही, हा निष्कर्ष स्पष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी स्वीकारलेल्या बौद्ध धर्मात ईश्वराला स्थान नव्हते. प्रार्थनासमाजाने ग्रंथ खाली उतरवून ईश्वर राखला होता. येथे दोन्ही गेले आणि नीती उरली.

ख्रिस्ती ग्रंथ मराठीत : जी कसोटी मिशनऱ्यांनी पुराणांना लावली, ती कालांतराने बायबललाही लागली. मराठी ख्रिस्ती विचारात तिचा पहिला ठळक आविष्कार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या ठायी दिसतो. इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत व चर्चचा अधिकार यांविषयी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कठोर वाद केला. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून सुटून दुसऱ्याच्या अधिकारात जाण्याची त्यांची तयारी नव्हती. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगाव येथील मुक्तिसदनाच्या छापखान्यात ते छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाई प्रॉटेस्टंट परंपरेतील होत्या. कॅथलिक समाजात ग्रंथाची स्थिती वेगळी होती आणि ती पाहण्यास वसईइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात नाही. हा भाग धर्मवचनांच्या दृष्टीने फार जुना आहे. सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. पुढे भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. रूढ मंगलविधींचे फळ अल्प असून सदाचरण हाच खरा मंगलविधी, असा त्या लेखाचा आशय आहे. म्हणजे जुन्या विधीला नवा नैतिक अर्थ देण्याचा उद्योग या किनाऱ्यावर बावीसशे वर्षांपूर्वीही चालू होता. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत येथे कॅथलिक समाज रुजला. त्याची बोली सामवेदी इ. मराठीचीच रूपे राहिली, पण मिस्साविधी लॅटिनमध्ये चालत असे. बायबल घरी वाचण्याची रीत कॅथलिकांत फारशी नव्हती. ग्रंथाचा अर्थ चर्चने सांगावयाचा व तो श्रद्धेने ऐकावयाचा, असा प्रघात होता. मीमांसक परंपरेशी त्याचे साम्य चटकन नजरेत भरते.

हा प्रघात बदलला तो रोममधून. पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या परिपत्रकाने मूळ भाषांचा व वाङ्‌मयप्रकारांचा अभ्यास करून बायबलचा अर्थ लावण्यास संमती दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेला स्थान दिले व बायबल सर्व श्रद्धावंतांना खुले असावे असे सांगितले. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे, पण मानवी लेखकांनी आपापल्या काळाच्या शैलीत तो लिहिला आहे, ही भूमिका घेतल्यामुळे ग्रंथाचा अधिकार राखून अर्थ बदलण्याची वाट कॅथलिकांना अधिकृतपणे मोकळी झाली.

वसई तालुक्यातील नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे कार्य या बदलानंतरचे आहे. सुवार्ता या मासिकाचे दीर्घकाळ संपादन करून त्यांनी वसईतील ख्रिस्ती समाजाला मराठी साहित्याशी जोडले. त्यांचे सुबोध बायबल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले व त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरांत मिशनरी वळणाची एक परकी मराठी रूढ झाली होती. दिब्रिटोंची भाषा संतवाङ्‌मयावर पोसलेल्या वाचकाला आपली वाटावी अशी आहे. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूने हे पद घेण्यास काहींनी विरोध केला होता.

ईश्वरस्वरूपाच्या बाजूने पाहता वसईचेच थॉमस डाबरे यांचा अभ्यास अधिक सूक्ष्म आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे ते पहिले बिशप. त्यांचा संशोधनविषय तुकारामाचा ईश्वरानुभव हा होता व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रार्थनासमाजाने तुकारामाला आपल्या निराकार ईश्वराच्या मापात बसविले होते; डाबरे यांनी प्रतीक व अनुभव यांची चर्चा करताना पंढरीचा विठ्ठल बाजूस सारला नाही. ज्या ग्रंथांवरून दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावर मिशनरी व पंडित भांडले, त्यांपैकी एका परंपरेचा बिशप दुसऱ्या परंपरेतील संताच्या देवाचा अभ्यासक झाला.

या वाङ्‌मयाचा वाचकवर्ग मात्र बदलत आहे. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहती उभ्या राहिल्यापासून आणि २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाल्यापासून देशाच्या अनेक भागांतून आलेली कुटुंबे येथे राहू लागली. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांची उपासनेची भाषा मराठीच असेल असे नाही, आणि जुन्या गावांतील मुलेही इंग्रजी माध्यमाकडे वळली आहेत. लॅटिनमधून मराठीत येण्यास या भागातील ग्रंथाला चार शतके लागली. मराठीत येऊन त्याला अजून एक शतकही झालेले नाही.